प्राचीन संस्कृती शिकायच्या असतील, तर भाषा केव्हा शिकावी?

प्रश्न असा आहे. शाळा संपवून कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या एका विद्यार्थिनीला ग्रीस, रोम, इजिप्त, मेसोपोटेमिया आणि भारत यांच्या प्राचीन संस्कृतींचा अभ्यास करायचा आहे. तिच्यासमोर दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत सगळे अनुवादांतून शिकवले जाते, तर दुसरीत निदान एक अभिजात भाषा मुळापासून शिकावी लागते. तिला व्याकरणाची धास्ती वाटते. भाषा पुढे पदव्युत्तर अभ्यासाच्या वेळी घेतली तर चालेल का, घ्यायचीच असेल तर कोणती घ्यावी आणि एवढे करून पुढे काय, असे तिने विचारले आहे. अभिजात भाषा शिकवण्यात माझे बरेच आयुष्य गेले आहे आणि ‘भाषा नंतर बघू’ म्हणणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे उत्तर असे की भाषा पहिल्याच सत्रात सुरू करावी आणि इतिहास, कला, पुरातत्त्व हे विषय तिच्याभोवती बसवावेत. यात भाषेला मोठे आणि इतिहासाला छोटे ठरवण्याचा हेतू नाही. दोन्हींना लागणारा वेळ वेगळ्या जातीचा असतो, एवढेच कारण आहे. रोमन प्रजासत्ताकाच्या शेवटच्या शतकावरचे चांगले पुस्तक तुम्ही पुढे कधीही, एका सुट्टीत वाचून समजून घेऊ शकता. ग्रीक क्रियापदाची रूपे मात्र एका सुट्टीत अंगवळणी पडत नाहीत. पहिले वर्ष व्याकरणात जाते, दुसऱ्या वर्षी मूळ मजकूर अडखळत वाचता येतो आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस कुठे एखादे पान कोशाचा फार आधार न घेता पुढे सरकते. ज्यांनी भाषा पदव्युत्तर पातळीवर सुरू केली, ते प्रबंध लिहिण्याच्या वर्षी विभक्तिप्रत्यय पाठ करत बसलेले मी पाहिले आहेत. त्यांची बुद्धी कमी नव्हती. वेळेचा हिशेब चुकला होता.

अनुवाद हाताशी असताना मूळ भाषा कशाला, या शंकेला एका शब्दाच्या आधारे उत्तर देतो. अफगाणिस्तानातल्या कंदाहार येथे 1958 साली सम्राट अशोकाचा एक शिलालेख सापडला. तो ग्रीक आणि आरामाइक अशा दोन भाषांत कोरलेला आहे. अशोकाच्या इतर लेखांतला ‘धम्म’ हा शब्द त्यातल्या ग्रीक मजकुरात ‘युसेबेइया’ असा येतो. आता हा ग्रीक शब्द पाहा. देवांविषयी, आईवडिलांविषयी आणि मृतांविषयी योग्य तो आदर आचरणातून दाखवणे, असा त्याचा रोख आहे. तत्त्वज्ञान, नियम, शिकवण या ‘धम्मा’च्या छटा त्यात जवळजवळ नाहीत. त्याच दगडावरच्या आरामाइक मजकुरात ‘सत्य’ या अर्थाचा शब्द योजला आहे. म्हणजे एकाच राजाज्ञेचा आशय दोन लेखनिकांनी आपापल्या वाचकांसाठी दोन वेगळ्या दिशांनी नेला. या लेखाचे आधुनिक अनुवाद वाचणाऱ्याला ‘भक्ती’, ‘सदाचार’ किंवा ‘धर्म’ यांपैकी एखादा शब्द दिसेल आणि तो पुढे जाईल. येथे इ.स.पू. तिसऱ्या शतकात कोणीतरी एक अवघड निवड केली होती, हे त्याला कळणारही नाही. अशोकाला नेमके काय सांगायचे होते आणि कंदाहारच्या ग्रीक भाषिकांना नेमके काय ऐकू गेले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही जाणीवच मूळ शब्द समोर आल्याशिवाय होत नाही. अनुवाद वाईट असतात असे मी म्हणत नाही. अनुवाद हा कोणीतरी आधीच घेतलेल्या निर्णयांचा साठा असतो आणि ते निर्णय तपासण्याची सोय फक्त मूळ भाषेत असते.

कोणती भाषा घ्यावी, याचे उत्तर मी नेहमी उलट प्रश्नाने देतो. तुम्हाला वाचायचे काय आहे? सॉफोक्लिझची नाटके किंवा प्लेटोचे संवाद खुणावत असतील, तर ग्रीक घ्या. रोमन कायदा आणि साम्राज्याचा कारभार, किंवा मध्ययुगीन युरोपातले विद्वत्तेचे लेखन वाचायचे असेल, तर लॅटिनला पर्याय नाही. उपनिषदे, महाकाव्ये, काव्यशास्त्र आणि दर्शने यांसाठी संस्कृत, तर बौद्ध आणि जैन साहित्यासाठी व जुन्या शिलालेखांसाठी पाली आणि प्राकृत हव्यात. बॅबिलोन आणि असिरिया यांची ओढ असेल, तर अक्कादियन शिकावी लागते. तिच्या क्यूनिफॉर्म, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत शेकडो चिन्हे आहेत आणि एकेका चिन्हाला अनेक उच्चारमूल्ये असतात, म्हणून ती पहिली अभिजात भाषा म्हणून मी सहसा सुचवत नाही. प्राचीन इजिप्शियनचेही तसेच आहे. एका वेळी दोन भाषा सुरू करण्याचा मोह आवरावा. पहिल्या वर्षी एक आणि ती मजकूर वाचण्यापर्यंत पोहोचली की दुसरी, हा क्रम बहुतेकांना झेपतो. अपवाद असतात, पण प्रवेश घेताना प्रत्येकाला आपण अपवाद आहोत असे वाटत असते.

आता व्याकरणाच्या धास्तीविषयी. मराठीत वाढलेल्या माणसाने या बाबतीत घाबरण्याचे कारण फार कमी आहे. इंग्रजीत वाढलेल्या विद्यार्थ्याला नामाला लिंग असते आणि विशेषण त्याप्रमाणे बदलते, हे समजून घेतानाच घाम फुटतो. आपण ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल’ म्हणतच मोठे होतो आणि लॅटिन, ग्रीक व संस्कृत या तिन्ही भाषांत हीच तीन लिंगे आहेत. ‘घरी’, ‘सकाळी’ या रूपांत आपण जुनी सप्तमी अजून बोलतो. लॅटिनमध्येही ‘घरी’ या अर्थी ‘डोमी’ असे एकाकी उरलेले सप्तमीचे रूप आहे आणि ते पहिल्यांदा भेटते तेव्हा आपल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही.

ज्यांनी शाळेत थोडेफार संस्कृत केले आहे, त्यांच्यासाठी तर अर्धी वाट मोकळी झालेली असते. संस्कृतच्या आठ विभक्तींपैकी काही लॅटिनमध्ये आणि ग्रीकमध्ये एकमेकींत मिसळून गेल्या, पण मिसळण्याच्या तऱ्हा वेगळ्या. लॅटिनने तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी यांची कामे एकाच विभक्तीवर टाकली. ग्रीकने पंचमीचे काम षष्ठीकडे दिले, तर तृतीया आणि सप्तमी यांचे काम चतुर्थीकडे. हा नकाशा एकदा डोक्यात बसला की पाठ करायच्या नियमांची निम्मी यादी गळून पडते. संस्कृतचे आत्मनेपद ग्रीकमध्येही जिवंत आहे. यज्ञ करणारा पुरोहित दुसऱ्यासाठी ‘यजति’ आणि यजमान स्वतःसाठी ‘यजते’, हा भेद जसा सांगितला जातो, तसेच ग्रीकमध्ये ‘लुओ’ म्हणजे मी सोडतो आणि ‘लुओमाइ’ म्हणजे मी खंडणी भरून माझे माणूस सोडवून घेतो. भूतकाळी रूपाच्या आधी लागणारा ‘अ’ही तिथे ‘ए’ होऊन भेटतो. संस्कृत ‘अभरत्’ आणि ग्रीक ‘एफेरे’ ही रूपे शेजारी लिहून पाहावीत. ‘रामे वनं गते’, म्हणजे राम वनात गेला असता, ही सति सप्तमी लॅटिनमध्ये त्या मिश्र विभक्तीत येते, तर ग्रीकमध्ये षष्ठीत.

येथे एक सावधगिरीही सांगायला हवी. ही साम्ये आधार म्हणून घ्यावीत, पुरावा म्हणून नव्हे. सारख्या दिसणाऱ्या रूपांचा वापर वेगळा असू शकतो. संस्कृतचा लुङ् आणि ग्रीकचा अओरिस्ट ही भूतकाळाची रूपे एकाच घराण्यातली असली, तरी ग्रीक लेखक अओरिस्ट ज्या बारकाईने वापरतो, ती बारकाई अभिजात संस्कृतमधल्या लुङ्मध्ये उरलेली नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी ही चूक मनसोक्त केली होती आणि माझ्या शिक्षकांनी माझ्या वहीत लाल शाईने एवढेच लिहिले होते, की संस्कृत बाहेर ठेवून वर्गात यावे.

रोजच्या अभ्यासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तो कंटाळवाणा असतो आणि तसाच करावा लागतो. रोज पाऊण तास हा रविवारच्या सहा तासांपेक्षा अधिक फळ देतो. रूपे मोठ्याने म्हणावीत आणि हाताने लिहावीत. शब्दसंग्रह वारंवारतेच्या क्रमाने पाठ करावा. लॅटिनमधले सर्वांत जास्त येणारे सुमारे हजार शब्द येत असतील, तर साध्या मजकुरातले साधारण दोन-तृतीयांश शब्द ओळखीचे निघतात. उरलेल्या एक-तृतीयांशासाठी कोश असतो आणि तो आयुष्यभर लागतो.

खरी घसरगुंडी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला येते आणि बहुतेक जण भाषा तिथेच सोडतात. पाठ्यपुस्तकातली वाक्ये नियमांसाठी घडवलेली असतात. सिसेरो या रोमन वक्त्याचे वाक्य कोणत्याही नियमाची सोय पाहून लिहिलेले नसते. ते आठ ओळी चालते आणि मुख्य क्रियापद शेवटी येते. पहिल्या वर्षी उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी अशा वेळी तासाला चार ओळी वाचतो आणि आपल्याला काहीच येत नाही असे ठरवून मोकळा होतो. तासाला चार ओळी हा त्या टप्प्यावरचा रास्त वेग आहे, हे त्याला कोणीतरी वेळेवर सांगायला हवे. या काळात क्रियापद शोधून मग कर्ता, मग कर्म अशी कोडे सोडवण्याची सवय लावून घेऊ नये. मजकूर आला त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे वाचावा आणि प्रत्येक शब्दाशी पुढे काय येऊ शकेल याचा अंदाज बांधत जावे, कारण सिसेरोचे श्रोते ते वाक्य त्याच क्रमाने ऐकत होते. अनुवाद पाहायला माझी हरकत नाही. मात्र आपले भाषांतर कागदावर उतरल्यानंतर तो उघडावा आणि जिथे फरक दिसेल तिथे चूक आपली की मतभेद खरा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एवढे झाले की एक गोष्ट लक्षात येऊ लागते. ती मला या सगळ्या शिक्षणातली सर्वांत मोलाची वाटते. आपण ज्याला ‘मूळ मजकूर’ म्हणतो, तोही मूळ नसतो. होमरचे इलियड हे ग्रीक महाकाव्य साधारणपणे इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपास आकाराला आले असे मानतात. त्याचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने संपूर्ण म्हणता येईल असे हस्तलिखित व्हेनिस येथे आहे आणि ते इ.स.च्या दहाव्या शतकातले आहे. मधल्या सतराशे वर्षांत नकलेवरून नक्कल होत गेली आणि प्रत्येक नक्कल करणाऱ्याने काही गाळले, काही सुधारले, काही चुकीचे वाचले. छापील आवृत्तीत पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत जे पाठभेद दिलेले असतात, त्यांत हा सगळा प्रवास साठवलेला असतो. महाभारताची चिकित्सक आवृत्ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली हाती घेतली आणि ती 1966 साली पुरी झाली. हजाराहून अधिक हस्तलिखिते तपासून, त्यांची घराणी लावून, कोणता पाठ जुना हे ठरवण्यात ही वर्षे गेली. या कामात एक नियम पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो. दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा जुना असतो, कारण लेखनिक अवघड शब्द सोपा करून टाकतो, सोपा शब्द मुद्दाम अवघड सहसा करत नाही. हा नियम ऐकायला साधा आहे. पण त्या भाषेत अवघड काय आणि निव्वळ अशुद्ध काय, हे ओळखण्याइतकी भाषा अंगात मुरलेली नसेल, तर तो वापरता येत नाही.

मुरलेली भाषा कशी कामी येते, याचे एक उदाहरण पाहा. 1906 साली हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने कॉन्स्टँटिनोपल येथे एक प्रार्थनापुस्तक तपासले. त्याच्या चर्मपत्रावरचा आधीचा मजकूर तेराव्या शतकात खरवडून त्यावर प्रार्थना लिहिल्या होत्या. खाली अंधूक दिसणारी अक्षरे आर्किमिडीजची होती आणि त्यांत त्याचा तोपर्यंत हरवलेला मानला जाणारा एक ग्रंथही होता. अंधूक अक्षरांतून शब्द जुळवण्यासाठी पुढे कोणता शब्द येऊ शकतो, याचा अंदाज लागतो. हायबर्ग तो अंदाज करू शकला, कारण आर्किमिडीजच्या लेखनाची आवृत्ती त्याने आधीच काढलेली होती.

भाषेचा एवढा आग्रह धरल्यावर वस्तूंचा अभ्यास दुय्यम ठरतो असे कोणी समजू नये. सिंधू संस्कृतीची सांडपाण्याची व्यवस्था, विटांची मापे आणि वजने आपल्याला ठाऊक आहेत, पण तिथल्या एकाही माणसाचे नाव आपण खात्रीने सांगू शकत नाही, कारण लेखांत सरासरी पाचच चिन्हे असतात आणि लिपी अद्याप सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही. उलट मायसीनियन, म्हणजे कांस्ययुगीन ग्रीसमधल्या मातीच्या पाट्या पाहा. त्या भाजून ठेवण्यासाठी केलेल्या नव्हत्या. राजवाडे जळाले, त्या आगीत त्या भाजल्या गेल्या आणि म्हणून टिकल्या. त्यामुळे त्यांत मुख्यतः आगीच्या आधीच्या थोड्या काळातले हिशेब आहेत, मेंढ्यांचे, लोकरीचे, तेलाचे. काव्य नाही, इतिहास नाही. पाट्या कशा टिकल्या हे पुरातत्त्व सांगते आणि ते माहीत नसेल, तर या लोकांना मेंढ्यांपलीकडे काही सुचत नव्हते असा भलता निष्कर्ष निघेल.

याच पाट्यांची लिपी, जिला लिनियर बी म्हणतात, 1952 साली मायकेल व्हेंट्रिस या व्यवसायाने वास्तुविशारद असलेल्या माणसाने उलगडली. त्याचे नाव सगळे घेतात. त्याच्या आधी ॲलिस कोबर या अमेरिकी प्राध्यापिकेने लाखाहून अधिक कागदी चिठ्ठ्यांवर एकेक चिन्ह नोंदवून असे दाखवून दिले होते, की काही शब्दांचा आरंभ तोच राहतो आणि शेवट बदलतो, म्हणजे ही भाषा प्रत्यय घेणारी आहे. भाषा कोणती हे ठाऊक नसताना तिने तिचे विभक्तिप्रत्यय ओळखले होते. 1950 साली ती वारली, लिपी वाचली गेलेली पाहायला ती राहिली नाही. प्रत्ययांचे तक्ते कशासाठी पाठ करायचे असे कोणी विचारले, की मी कोबरची गोष्ट सांगतो.

म्हणून भाषेबरोबर शिलालेख, नाणी, पपायरस (पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदावरचे लेखन) किंवा हस्तलिखिते यांपैकी एका तरी विषयाचा अभ्यास पदवीच्या काळातच करावा. इंग्लंडच्या उत्तरेकडील विंडोलांडा या रोमन छावणीत 1973 पासून लाकडाच्या पातळ पत्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडू लागली. इ.स. 100 च्या सुमारास क्लॉडिया सेव्हेरा हिने सुल्पिकिया लेपिडिना या मैत्रिणीला आपल्या वाढदिवसाचे आमंत्रण पाठवले, ते पत्र त्यांत आहे. मजकूर लेखनिकाच्या अक्षरात आहे आणि शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत. स्त्रीच्या हातच्या उपलब्ध लॅटिन लेखनातल्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी तो एक आहे. हस्ताक्षर बदलले हे दिसण्यासाठी जुन्या लिप्यांची ओळख लागते. अनुवादात अक्षर बदलत नाही.

संशोधनाकडे जायचे असेल, तर फ्रेंच आणि जर्मन वाचण्यापुरती तरी शिकावी, कारण या विषयातले मोठे काम त्या भाषांत पडून आहे. संगणकामुळे हे सारे शिक्षण अनावश्यक होईल का, असेही आता विचारले जाते. इ.स. 79 मध्ये व्हेस्युव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात कोळसा झालेल्या, इटलीतल्या हर्क्युलेनियम या रोमन नगरातल्या पपायरसच्या गुंडाळ्यांपैकी एकीतला पहिला शब्द 2023 साली, गुंडाळी न उघडता, क्ष-किरण चित्रे आणि संगणकीय प्रणाली यांच्या मदतीने वाचला गेला. तो ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द होता. यंत्राने शाई कुठे आहे ते दाखवले. त्या शाईची अक्षरे कोणती आणि शब्द कोणता, यावर शिक्कामोर्तब करायला पपायरस वाचणारे अभ्यासकच लागले. अशा शेकडो गुंडाळ्या शिल्लक आहेत आणि त्या वाचणारे मोजकेच आहेत.

पुढे काय, याचे उत्तर गोड करून सांगणार नाही. विद्यापीठातल्या जागा थोड्या असतात आणि त्यांसाठी स्पर्धा तीव्र असते. केवळ प्राध्यापक होण्याच्या आशेवर हा विषय घेऊ नये. संग्रहालये, ग्रंथालये, अभिलेखागारे, प्रकाशन, भाषांतर आणि शालेय शिक्षण या क्षेत्रांत या शिक्षणाचा थेट उपयोग होतो. कायदा किंवा भाषेशी संबंधित संगणकीय काम यांकडे वळलेले माझे विद्यार्थीही आहेत. त्यांना तिथे लॅटिन उपयोगी पडली असे नाही. आठ ओळींच्या वाक्यात कोणते विशेषण कोणाचे, हे कंटाळा न करता शोधण्याची सवय उपयोगी पडली. जोडीला दुसरा विषय घेण्याची मुभा असेल, तर ती जरूर घ्यावी.

प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक नव्हे, तर तिसऱ्या वर्षाचे वेळापत्रक मागून पाहावे. त्यात मूळ मजकुराच्या वाचनाचा वर्ग आठवड्यातून किती वेळा आहे, तो कोण घेते आणि मागच्या वर्षी त्या वर्गात कोणता ग्रंथ किती पाने वाचला गेला, हे विचारावे. ‘निवडक उताऱ्यांचा अभ्यास अनुवादाच्या साहाय्याने’ असे उत्तर आले, तर तिथे भाषा पहिल्या वर्षीच संपते असे समजावे. शक्य झाल्यास एका वर्गात मागे बसून यावे. विद्यार्थी वाक्यात अडकल्यावर शिक्षक अर्थ सांगून मोकळे होतात, की ‘या शब्दाची विभक्ती कोणती?’ असे विचारून थांबतात, एवढे बघितले तरी निर्णयाला पुरेसे आहे.